चौरंगावरचा हात

बुध. ५ नोव्हें., हमरिया
सुहासचा फोन. धाकटा असून थोरल्यासारखा बोलतो. रविवारी गावकी बसणार, विषय एकच: सडा, म्हणजे गावावरचं कातळाचं पठार, चिरेखाणीला द्यायचा की नाही. मी इथून आखातातून व्हिडिओवर हजर राहायचं आणि बाजूने हात वर करायचा. त्याला खाणीवर डंपर लावायचाय. बघू म्हटलं, तर म्हणे, "बघू काय? घर तुजापन हाय."
समोरच्या पलंगावर आमच्याच गावचा हमीदभाई कपड्यांच्या घड्या घालत होता. सगळं ऐकलं असणार. सड्यावर मुरलेलं पाणी त्यांच्या मोहल्ल्याच्या विहिरीत उतरतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पण गावकी वरच्या वाड्यांची, मोहल्ल्याला तिच्यात हात नाही. त्याने चहा केला, मला आधी दिला. भांडला असता तर बरं झालं असतं.

शुक्र. ७
सुट्टी. कपडे धुतले, रुवीला जाऊन सुरमई आणली. डोक्यात तेच.
जिथे मी दोन वर्षांतून एकदा जातो, तिथे मला मत. ज्याची विहीर आटणार त्याला नाही. सड्यावरच्या टिटव्यांना नाही, पुढे जन्मणाऱ्या पोरांना तर नाहीच. मग आम्ही हात वर करतो ते नेमकं कोणाच्या वतीने? आणि हे मी लिहितोय एसी लावून. ह्या गारव्याचा उन्हाळा कुठेतरी कोणीतरी भोगत असेलच, त्याला कोणी विचारलंय? जाऊ दे. सुरमई मस्त झाली होती.

शनि. ८, रुस्ताक
कंपनीने इथे पाठवलं. डोंगराच्या पोटातून भुयाराने गावात पाणी येतं, त्याला फलज म्हणतात. त्याच्यात पातळी मोजायचं यंत्र बसवायचं. राखणदार नासिर, म्हातारा, तरुणपणी मुंबईला होता म्हणून हिंदी झकास. बागांना पाण्याच्या पाळ्या लावून दिल्यात. एक पाळी मात्र कोणालाच नाही. पाणी खजुरांना वळसा घालून सरळ खाली दगडांत जातं. वाया का घालवता, विचारलं.
"जो मजलिस में नहीं आ सकता, उसका है," म्हणाला.
मजलिशीत, म्हणजे त्यांच्या बैठकीतही, माझ्याशेजारी एक जागा रिकामी, तिच्यासमोर काहवा ओतून ठेवलेला. उठताना पाहिलं, पेला रिकामा. तिथे कोणी बसलं नव्हतं. प्यायला असेल कोणीतरी, मी काय राखण करत होतो?
भुयाराला वरून हवेसाठी भोकं आहेत. पाण्याचा अंदाज घ्यायला एका भोकाला कान लावला. आत भांडी वाजत होती, बायका बोलत होत्या. अरबी नव्हतं. लिहायला लाज वाटते, पण आमच्या गावी पऱ्यावर, ओढ्यात भांडी घासताना बायका बोलतात तसंच होतं. झटकन उठलो. नासिरला सांगितलं तर तो हसला नाही. हसायला हवा होता.

रवि. ९, रुस्ताक
सकाळी फलजच्या कठड्यावर फोन टेकवून गावकीला हजर झालो. पडद्यावर सगळी माणसं माझ्यापेक्षा खाली दिसत होती. मग कळलं. उंच जागा म्हणून सुहासने मोबाईल ठेवला तो आईच्या चौरंगावर! गावकीत तो चौरंग ग्रामदेवतेचा. नारळ सोडून त्यावर काही ठेवत नाहीत. खाली घे म्हणून ओरडलो, गोंगाटात कोणाला ऐकू गेलं नाही.
हात वर करायची वेळ आली आणि नासिरची हाक. यंत्राची केबल पाण्याबरोबर चालली होती. फोन तसाच ठेवून धावलो. खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं. परत आलो तर फोन कट झालेला.

सोम. १०, हमरिया
सुहास पेटलाय. बाजूने आणि विरोधात हात सारखेच पडले. मग चौरंगावरून एक हात वर आला. विरोधात.
मी म्हटलं, मी तिथे नव्हतोच.
गुरव म्हणतो, चौरंगावरचा हात आईचा. बाकीचे म्हणतात, माझा. सुहासचं म्हणणं, "हात माजा व्हता, चुकून वर गेला, माजा मत बाजूने, येवढाच सांग. खलास." 'खलास' हा इकडचा शब्द मीच तिकडे नेला, आता माझ्यावरच वापरतोय.
कोणीतरी पडद्याचा फोटो काढला होता, तो पाठवला. मागे खजुरांची खोडं. पुढे हात, मनगटापर्यंत. लहान आहे, ओला आहे, बोटांवरून पाणी ओघळतंय. नासिरला फोन केला. म्हणाला, पोरं शाळेत होती (इथे रविवारी शाळा असते), तिथे तुझ्यामाझ्याशिवाय कोणी नव्हतं.
माझाच हात उलटसुलट करून पाहिला. मूर्खपणा.

गुरु. १३
शेवटी हमीदभाईला फोटो दाखवला. त्याने बोटांनी मोठा करून पाहिला. "आमच्या विहिरीवर पोरां पानी काडून असाच हात झटकतात," म्हणाला आणि फोन पालथा ठेवून दिला.
सुहाससाठी आवाजी मेसेज केला, हात माझा होता, चुकून वर गेला म्हणून. पुसला. तसं म्हटलं की सडा गेला. माझा नव्हता म्हटलं, तर आईच्या पदराआड लपून भावाचा डंपर बुडवला असं होणार. राहता राहिलं एकच, आपला हात आपण उघड वर करायचा. त्याचीच भीती वाटते. त्या फोटोपेक्षा जास्त.

शनि. १५
उद्या पुन्हा गावकी. सुपरवायझरकडून रुस्ताकची ड्युटी मागून घेतली, काम संपलं असूनही. हमीदभाईने दुकानातून सुट्टी काढली. येतो म्हणाला, कशाला ते नाही सांगितलं.
सुहासचा फोन. आवाज खाली आलेला. ह्या वेळी मोबाईल चौरंगावर ठेवू नकोस म्हटलं. तर म्हणे गावाने ठरवलंय, तिथेच ठेवायचा.
"आनी दादा," म्हणाला, "तुज्या पाठी त्या दिवशी जो कोन व्हता, त्येलापन उद्या हजर ऱ्हावाक सांग."
बरं म्हटलं.