हलवलं की नक्कल केली?

मंगळवार, ३ सप्टेंबर

थंडर बे या बंदराच्या गावी येऊन पाच दिवस झाले आणि आज पहिल्यांदा कामावर गेले. चौसष्टाव्या वर्षी नवी नोकरी! रेइनो सकाळपासून चिडवतोय, की म्हातारे, लोक या वयात विणायला घेतात आणि माझी बायको डबा घेऊन निघाली. आधीच्या गावी, कपुस्केसिंगच्या वाचनालयात वीस वर्षं बिघडलेले कॉम्प्युटर उघडून-उघडून जे काही शिकले, त्याचं प्रमाणपत्र माझ्याकडे नाही. मर्डोनं, म्हणजे इथल्या मालकानं, ते मागितलंही नाही. बंद पडलेला एक लॅपटॉप पुढ्यात ठेवला. मी तो सुरू केला. झाली मुलाखत!

घर लहानसंच, पण मागे लाकडी सौना आहे. वाफ घ्यायला जागा मिळाली, आता नवऱ्याला बाकी काही नको.

गुरुवार, ५ सप्टेंबर

काम मजेशीर आहे. बंदरावरच्या धान्याच्या कोठारांसाठी मर्डो प्रोग्रॅम लिहितो, मी ते तपासते. दर कोठाराचा कॉम्प्युटर वेगळा, कुठे जुनाट, कुठे नवाकोरा. एवढे कॉम्प्युटर कोण वागवणार? म्हणून लॅपटॉपच्या पोटात खोटे कॉम्प्युटर चालवायचे. त्यांना आभासी मशीन म्हणतात. अशी अकरा मशीनं साबणाच्या वडीएवढ्या एका ड्राइव्हमध्ये मावतात. ती पिशवीत टाकायची, दुसऱ्या लॅपटॉपला जोडायची, की मशीन जिथं थांबलं होतं तिथूनच पुढे चालतं. अर्धं टाइप केलेलं वाक्यसुद्धा तसंच वाट बघत असतं.

मर्डोनं दोन गोष्टी बजावल्या. मशीन नव्या ठिकाणी उघडलं की ते विचारतं, मला हलवलं की माझी नक्कल केली? तिथं खोटं बोलायचं नाही. नक्कल असेल तर ते स्वतःसाठी नवी ओळख घेतं. नक्कल असून हलवलं म्हटलं, तर एकाच ओळखीची दोन मशीनं होतात आणि नेटवर्क त्यातल्या एकालाच थारा देतं. दुसरी गोष्ट, मशीनमध्ये खऱ्या माणसाची माहिती भरायची नाही. हेल्वीबाई, आमच्याकडे सगळे कामगार बटाटे आणि कांदे आडनावाचे आहेत, म्हणाला आणि स्वतःच खो-खो हसला.

बुधवार, ११ सप्टेंबर

बटाटे-कांद्यांचा कंटाळा आला. आता वर्षानुवर्षं वापरलेलं वाटेल असं मशीन हवं होतं. पत्रं, फोटो, आठवणीच्या नोंदी, सगळं त्यात असायला हवं. खोटा संसार रचायला आठवडा जाईल, खरा तर तयारच आहे. भरला माझाच! वेलदोड्याच्या पावाची कृती, बहिणीची पत्रं, रेइनोच्या गोळ्यांच्या वेळा, चाळीस वर्षांचे फोटो. काम झालं की पुसून टाकेन.

शुक्रवार, १३ सप्टेंबर

शनिवार-रविवारी घरी काम करावं म्हणून ते मशीन घरच्या लॅपटॉपवर उतरवून घेतलं. ड्राइव्ह ऑफिसातच राहिली, तिथलं मशीन चालूच आहे. घरी उघडल्यावर त्यानं तो प्रश्न विचारला. मी म्हटलं, हलवलं. खोटंच ते, पण नक्कल म्हटलं की प्रोग्रॅमचा परवाना नव्यानं मागतात, आणि तो सोमवारशिवाय मिळाला नसता. सगळे तपासनीस कधी ना कधी असं करतातच.

शनिवार, १४ सप्टेंबर

दुपारी दोन तास ऑफिसात जाऊन आले. परत आले तर रेइनो सौनाच्या पायरीवर लालबुंद होऊन बसलेला. म्हणाला, अगं, कपडे कशाला चढवलेस? आत्ताच तर माझी पाठ चोळून दिलीस, किती दिवसांनी अशी चोळलीस. मी म्हटलं, चढलीय तुला. तो हसला, मीही हसले.

दोन टॉवेल ओले होते. पायरीवर दोन माणसांची ओली पावलं होती. लहान पावलावर मी माझं पाऊल ठेवून पाहिलं. उगाच ठेवलं.

मंगळवार, १७ सप्टेंबर

बेकरीतली बाई म्हणाली, बाई गं, आत्ताच तर चार गोड पर्शन पाव घेऊन गेलात, पाहुणे आलेत वाटतं? मी दिवसभर ऑफिसात होते.

घरच्या मशीनमध्ये बहिणीला लिहिलेलं एक पत्र सापडलं. मी ते लिहिलेलं नाही. पण शेवटी तिच्या गुडघ्यांची चौकशी आहे, ती मी नेहमी करते तश्शीच. मशीन बंद केलं. जेवून उठले तर ते चालू होतं.

गुरुवार, १९ सप्टेंबर

मर्डोला आडून-आडून विचारलं, की एका ओळखीची दोन झाली तर खरं कुठलं ते कसं ओळखायचं? म्हणाला, खरं-खोटं काही नसतंच, हेल्वीबाई. दोन्ही शेवटच्या ठिपक्यापर्यंत सारखी. हाकेला जे आधी ओ देईल ते राहतं. मग काय करायचं? म्हणाला, सोपं आहे, दोनांतलं कुठलंही एक पुसायचं.

घरी रेइनोला दोनदा हाक मारली. त्यानं मान वर केली नाही. त्याचं लक्ष स्वयंपाकघराकडे होतं.

शनिवार, २१ सप्टेंबर

बाहेरून खिडकीतून पाहिलं. रेइनो जेवत होता. समोर कुणीतरी पाठमोरं, निळा स्वेटर घातलेलं. निळा स्वेटर माझ्या अंगावर होता.

धावत आत गेले. कुणी नाही. दोन ताटं, दोन्हींत उष्टं. रेइनो माझ्याकडे बघत राहिला — कुठेतरी पाहिलेल्या बाईकडे बघावं तसं. चाळीस वर्षांत त्यानं माझ्याकडे असं कधी —

सोमवार, २३ सप्टेंबर

किल्ली लागली नाही. बेल दाबली. रेइनोनं दार उघडलं, अदबीनं विचारलं, बाई, कोण हवंय आपल्याला?

मी म्हटलं, अरे, मी. हेल्वी.

आतून माझाच आवाज आला, की कोण आहे रे, त्यांना थंडीत उभं नको करूस. माझा आवाज. मीही असंच म्हणाले असते.

त्यानं दार हळूच लावून घेतलं. आपटलंसुद्धा नाही.

मंगळवार, २४ सप्टेंबर. दुपार

बंदराजवळ गाडीत बसलेय. मांडीवर ऑफिसचा लॅपटॉप, त्याला ड्राइव्ह. घरचा लॅपटॉप घरात, आणि मला घरात कोण घेणार? कुठलंही एक पुसलं तरी चालतं म्हणाला ना मर्डो. माझ्या हातात हेच आहे. दोनाचं एक होईल, तंटा मिटेल, रेइनो मला ओळखेल. ड्राइव्हमधलं ते मशीन पुसायला लावलं.

पडद्यावरची पट्टी सरकतेय. चौथा हिस्सा.

बहिणीला फोन करावा म्हटलं. नंबर आठवेना. मग — तिचं नाव —

म्हणजे ती घरची. आणि ड्राइव्हमधली मी —

थांबवायचं बटण दाबतेय. दाबतेय. थांबत नाही. ड्राइव्ह ओढून काढली, तरी पट्टी —

अर्ध्याच्या पुढे. आधी ज्या गावात राहायचो ते — लाकडाचा वास यायचा तिथं, एवढंच.

ती तरी नीट करेल ना सगळं? पाठ चोळते म्हणाला, म्हणजे जीव आहे तिचा. हे लिहून ठेवते, कुणीतरी तिला द्या. त्याला डाव्या कानानं कमी ऐकू येतं, तो कबूल करत नाही. उजवीकडून बोलावं, हळू, आणि आधी त्याच्या नावानं हाक मारावी. त्याचं नाव —

थांबा, लिहिते. त्याचं नाव