तुळसाबाईंचं विरजण

७ डिसेंबर
पोचले एकदाची मेडशीला! एका हातात बॅग, कडेवर पाच महिन्यांची राखी, तरी आज मजेत आहे. नवरा नोकरीमुळे नाशिकलाच राहिला. इथल्या डेअरीच्या प्रयोगशाळेत माझं काम म्हणजे गावोगावच्या दह्यातले जिवाणू तपासायचे आणि पोटाला सर्वांत चांगला तो निवडायचा. घरमालकीण तुळसाबाईंनी आल्या आल्या राखीला मांडीवर घेतलं आणि मला घरचं जुनं विरजण दिलं. वर ताकीद: गाडगं कधी पुरतं रिकामं करायचं नाही, चमचाभर तरी मागे ठेवायचं. थंडीत गोधडीत गुंडाळून चुलीजवळ ठेवायचं आणि दही लागेपर्यंत हलवायचं नाही. इतकी बडदास्त माझीसुद्धा कुणी ठेवत नाही!

१५ डिसेंबर
तुळसाबाईंच्या दह्यातला गडी भलताच चिवट निघाला. जठरातल्याइतक्या आम्लात जगला, पित्तात जगला, आतड्याच्या पेशींना घट्ट चिकटून बसला. साहेब खूश. मी मात्र पार थकलेय. दिवसा डेअरी, रात्री राखी. स्वयंपाकाचा कंटाळा येतो, म्हणून रोज तोच दहीभात.

२१ डिसेंबर
काल दमून इतकी बधिर झाले होते की गाडगं निपटून खाल्लं आणि घासून पालथं घातलं. सकाळी आठवलं. तुळसाबाई रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या नुसत्या राखीकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "पोरी, ते मरत नाई. त्याले आता दुसरं गाडगं पायजे." मी हसले. वाद घालायलाही त्राण नव्हतं.

२४ डिसेंबर
अंगाला आंबूस वास येतोय. अंघोळ करूनही जात नाही. राखी पिताना तोंड फिरवते. माझं दूध वाटीत काढून ठेवलं होतं. संध्याकाळी वाटी कलती केली, तर ते हललं नाही.

२६ डिसेंबर
ते दूध सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. तोच आहे. मला फार भीती वाटतेय. अंगावर पाजणं बंद केलं, पण राखी डब्याचं दूध तोंडात धरत नाही, रडून रडून आवाज बसलाय तिचा. दुपारी तिला जवळ घेऊन पडले, डोळा लागला. जाग आली तेव्हा ती पीत होती. पोटभर.

२७ डिसेंबर
राखी रडत नाही. डोळे उघडे. अंग कोमट. पोट घट्ट — बोट टेकवलं, तर खळगा तसाच राहिला —

वाशीमला दवाखान्यात न्यायचं. बॅग भरून आले, तोवर तुळसाबाईंनी तिला गोधडीत गुंडाळून चुलीजवळ ठेवलेलं. उचलायला वाकले, तर हात धरला माझा. आता हालवू नको म्हणाल्या, लागून राह्यलं —

हात झटकला. उचललं तिला. गोधडीतून पिवळसर पाणी गळतंय, दही मोडल्यावर सुटतं तसं — राखी, बाळा, मी जरासंच हल