शेवटची वेणी

माय, तू गेलीस त्याला पुष्कळ वर्षं झाली, आणि तुझंच काम आता मी शहाद्यात करते. दुसऱ्यांची लेकरं सांभाळते. सकाळी आयांच्या गाड्या दाराशी थांबतात, डबे, दुपटी, औषधाच्या बाटल्या माझ्या हातात येतात, आणि मग संध्याकाळपर्यंत घरात कुणाला ना कुणाला शू लागलेलीच असते. तू हे सगळं खांडबाऱ्याला स्टेशनामागच्या दोन खोल्यांत करायचीस, ना पाटी ना जाहिरात. नंदुरबारहून गाडीने येणाऱ्या शिक्षिका उतरल्या की आधी आपल्या दाराशी यायच्या आणि लेकरू तुझ्या कडेवर देऊन शाळेकडे पळायच्या.

बाई मायाळू, म्हणजे व्यवहाराला कच्ची असणार, असं लोकांना वाटायचं. तू कच्ची नव्हतीस. शिक्षिकांना पगार महिन्याचा, म्हणून त्यांच्याकडून महिन्याचे पैसे, तेही आगाऊ. मजुरीच्या बायांना बाजाराच्या दिवशी पैसे मिळायचे, त्यांनी बाजार करून परतताना द्यायचे. डोंगराकडच्या शेतकरणी तूर निघेपर्यंत काहीच द्यायच्या नाहीत, आणि तूर निघाली की आपल्या घरात वर्षाची डाळ यायची. ज्याच्या घरी जशी कमाई येते तशीच ती आपल्याकडे यावी, एवढा साधा कायदा होता तुझा. एकदा एका बाईंनी विचारलं, मे महिन्यात शाळा बंद, लेकरू येत नाही, तर पैसे कशाचे? तू भाकरी थापता थापताच सांगितलंस, "जागा तुम्हनी पोरनीच शे ना, बाई. दुसरी उनी व्हती, तिले मी नही सांगी दिधं." जागा राखायला तू दुसरीला परत पाठवलं होतंस; बाईंनी पैसे दिले. आणि तू स्वतः मामाच्या लग्नाला गेलीस तेव्हा त्या दिवसांचे पैसे कुणी न मागता वळते केलेस. भीड भिकेची बहीण, असं म्हणायचीस, पण दुसऱ्याची भीड मात्र तुला बरोबर दिसायची.

तेव्हा पैसे सगळ्यांसमोरच दिले जायचे. आई नोट काढायची, तू ती कपाळाला लावून पदराच्या गाठीत बांधायचीस, आणि आम्ही पोरं बघत बसायचो. मीही त्या घोळक्यातलीच. संध्याकाळी आया यायच्या आधी तू प्रत्येकीची वेणी घालायचीस आणि माझी नेहमी सगळ्यांत शेवटी. मला त्याचा फार राग यायचा. यांच्या आया पैसे देतात म्हणून यांचा नंबर आधी, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. एके दिवशी विचारलंच, "माय, मन्हा पैसा कोन देस?"

तू हसली नाहीस. म्हणालीस, "तुन्हा मांगे कोनी नही. बठ निवांत." मला ते उत्तर वाटलंच नाही. मी विचारते पैशाचं आणि ही सांगते नंबराचं, की माझ्या मागे कुणी नाही, म्हणून मी गाल फुगवून बसले. पण पुढच्या महिन्यापासून तू आयांना मागच्या मोरीपाशी बोलवायला लागलीस. एका बाईंनी गाडीच्या घाईत पोरीच्याच मुठीत नोट कोंबली, तर तू त्यांना दारात अडवलंस. "पैसा आपला दोन्हीसमा. पोरना हातमा नका देवा," एवढंच बोललीस. बाई ओशाळल्या. हे माझ्या प्रश्नामुळे झालं, हे मला तेव्हा कळलं नाही. ते कळायला मला या वर्षापर्यंत थांबावं लागलं.

यंदा माझ्या सुनेने फोनवरून पैसे घ्यायची सोय केली आणि फळीवर एक बोलणारा डबा आणून ठेवला. पैसे आले की तो सगळ्या घराला ऐकू जाईल असं ओरडून सांगतो, किती आले ते. मलाही त्याचं कौतुक वाटलं, म्हणजे हात दाखवून अवलक्षण. पोरांनी त्याचा खेळ केला. डबा बोलला की टाळ्या, आणि ज्याच्या आईचे पैसे तो त्या दिवसाचा राजा. त्यांच्यात एक चार वर्षांची पोर आहे. तिची आई धडगावच्या घाटात एका उपकेंद्रावर कंत्राटी नर्स आहे, जीपने जाते-येते. तिचा पगार रखडलेला. पोर सगळ्यांसाठी टाळ्या वाजवायची. एका दुपारी माझ्या गुडघ्याला टेकून म्हणाली, "मावशी, मन्हा आवाज कव्हय येई?"

माय, मी उठले आणि त्या डब्याची वायर काढली.

त्याच संध्याकाळी तिची आई आली ती पोरीचं दुपटं आणि बाटली मागायलाच. उद्यापासून हिला मोलगीला आजीकडे ठेवते, पगार सुरू झाला की बघू, असं खाली बघत म्हणाली. म्हणजे आठवड्यातून एकदा लेकीचं तोंड बघायचं, तेही सुटी मिळाली तर. मी तिला मागे मोरीपाशी नेलं. तुझी तूर सांगितली, त्या डोंगराकडच्या बाया सांगितल्या. म्हटलं, तुझा पगार निघेल तेव्हा दे, जागा तिचीच आहे. ती म्हणाली, मावशी, उपकार नकोत. मग मी जरा कडकच झाले. "मी पैसा सोडत नही, बाई. मी थांबी ऱ्हायनू." ती आत गेली आणि बाटली परत फळीवर ठेवली.

डबा आता तुरीच्या कोठीत आहे. सून दोन दिवस फुरंगटली, मग तिने फोनचाही आवाज बंद केला. माय, हे सगळं शहाणपण तुझं आहे. मी नुसती त्यावर पोट भरते, आणि त्यासाठी मी तुझी ऋणी आहे, हे तू असताना एकदाही बोलले नाही म्हणून आज लिहिते. हे पत्र कुठे जाणार नाही. उद्या पोरं याच्या पाठीवर चित्रं काढतील.

आज त्या पोरीची वेणी मी मुद्दाम शेवटी घातली. मागे कुणी ताटकळत नव्हतं, घाई नव्हती, एकदा घातलेली वेणी मोडून पुन्हा घातली. ती मांडीतच पेंगली. शेवटच्या लेकराला माय सगळ्यांत जास्त वेळ मिळते, हे तू मला सांगितलं होतंस, मला ऐकू आलं नव्हतं. आणि खरं सांगू? घाटात जीपला उशीर झाला असा तिच्या आईचा फोन आला, तेव्हा मला बरंच वाटलं.