फराळाच्या डब्यांतला ट्रॅक्टर

भांडुप, रविवार

तीर्थरूप राजाराममामांना लवूचा वाकून नमस्कार.

गुडघे नमस्कारापुरते वाकतात, म्हणजे तब्येत बरी आहे. तुमचा दमा कसा आहे? मामींनी पाठवलेली कोकमं पोचली. (पत्रावर 'श्री' घातलेला नाही. दादाचं वर्ष व्हायचंय, तोवर घालतात की नाही हे घरात कुणालाच ठाऊक नाही. असलं सगळं आम्ही दादालाच विचारायचो.)

दादाने आरे कॉलनीतल्या एका तबेल्यासाठी गवत ओढणारा पन्नास वर्षांचा ट्रॅक्टर भंगारातून उचलून आमच्या दारात उभा केला, तेव्हा तुम्हीच म्हणाला होतात की याच्यात अजून जीव आहे. दादाच्या तेराव्याला नितेशने जाहीर केलं, बाबांच्या वर्षश्राद्धाच्या आत ट्रॅक्टर सुरू करायचा आणि गावी शेतावर पाठवायचा. तेव्हापासून तो बोरिवलीहून आणि श्रुतिका मुलुंडहून दर रविवारी येतात. (दादा होता तेव्हा ही दोघं भावंडं गणपतीला यायची, तीही वेगवेगळ्या दिवशी.) दोघं इंजिन खोलतात, सुलक्षणावहिनी जेवण करतात आणि मी कापड धरून उभा राहतो. तीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला यंत्रातलं काय कळणार? नितेश म्हणतोच, "काका, तुम्ही लांबून बघा ना, प्लीज!" लांबून बघूनही मी जे केलं ते सांगतो.

दिवाळीत आमच्याकडे फराळ करायचा नव्हता, म्हणून शेजाऱ्यांनी डबे भरून पाठवले. डबे रिकामे होतील तसे श्रुतिकाने त्यांत इंजिनाचे सुटे भाग घातले आणि वर चिठ्ठ्या चिकटवल्या. आता, लोकांचा डबा घरात राहिला की मला झोप लागत नाही. एका सोमवारी मी शेजारच्या जयंतीकाकूंचा निळा डबा घेतला, वरची चिठ्ठी खरवडून काढली आणि नेऊन दिला. डबा जड लागला. पण डबा रिकामा परत करू नये म्हणून वहिनींनी साखर घातली असेल, असं मी समजलो. काकूंनी उघडला तर आत बारा नट, दोन स्प्रिंगा आणि एक वॉल्व्ह. आमच्यात वर्षाच्या आत असं काही द्यायची रीत असेल, दुखवट्याच्या घरी कसं विचारायचं, म्हणून त्या बिचाऱ्या काही बोलल्या नाहीत. डबा देवापुढे ठेवला आणि रोज एक फूल वाहिलं. इकडे आम्ही तीन रविवार गटारापर्यंत शोधलं. "काका, निळा डबा कुठाय?" असं श्रुतिका विचारायची आणि मीही तिच्याबरोबर मनापासून शोधायचो. शेवटी काकूच एकादशीला विचारायला आल्या, "विसर्जन कधी करायचं?" त्या दिवशी नितेश-श्रुतिका पायरीवर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. दादा गेल्यानंतर आमच्या घरात हसण्याचा आवाज तो पहिला.

सगळे भाग बसवून आता महिना झाला. नितेश दर रविवारी हँडल मारतो. ट्रॅक्टर दोनदा खोकतो आणि गप्प होतो. वहिनी म्हणतात, "घाई कित्याक?" पण वर्षश्राद्ध पुढच्या महिन्यात आहे. नितेशने उद्या तुम्हाला फोन करून बोलवायचं ठरवलंय. तुम्ही आयुष्यभर डिझेल इंजिनं दुरुस्त केलीत, तुमच्या शब्दापुढे इथे कुणी जाणार नाही.

आपला भाचा,
लवू

ता. क. ट्रॅक्टर चालू आहे. महिन्यापूर्वी एका मंगळवारी वहिनी शेजारच्या गिरणीत दळणाला गेल्या होत्या, तेव्हा मी सहज हँडल मारलं आणि तो सुरू झाला. घाबरून बंद केला. तेव्हापासून दर शनिवारी टाकीखालचा डिझेलचा कॉक मीच फिरवून बंद करतो आणि सोमवारी पुन्हा उघडतो. ट्रॅक्टर गावी गेला की ही दोघं रविवारी कशाला येतील? तुम्ही आलात की तुमच्या ते लगेच लक्षात येईल. तेवढं बोलू नका. काम बरंच आहे, अजून वर्षभर जाईल, असं म्हणा.

ता. क. २. पाकीट चिकटवण्याआधी बाहेर जाऊन पाहिलं. काल मी कॉक फिरवायलाच विसरलो होतो, तो उघडाच आहे. तरीही आज ट्रॅक्टर सुरू झाला नव्हता. इंजिनाकडे जाणाऱ्या डिझेलच्या नळीचा नट कुणीतरी सैल केलाय. पाना तिथेच पडला होता, त्याला बांगड्यांचा वास येतोय. आज बांगडे एकट्या वहिनींनी साफ केले.