खोली, मशीन आणि धाकटीचा वॉर्ड

मी खाली सही करणारी, धंदा शिवणकाम, शिक्षण चौथीपर्यंत, वय बावन्न, नवरा हयात नाही, असं लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. गाठ पोटात आहे, डोक्यात नाही. उद्या ती काढणार आहेत. डॉक्टर म्हणाले काळजीचं कारण नाही, पण म्हणताना दाराकडे बघत होते, म्हणून आजच लिहिते. मला कोणी धाक दाखवलेला नाही. लाडीगोडी थोरल्याने लावून पाहिली, ती खाली येईल. याआधी मी काही लिहून ठेवलेलं नाही. कोणी तसा कागद पुढे केला तर तो खोटा समजावा.

कलम १. माझी माणसं दोन. थोरला मुलगा, मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो, बायकोबरोबर वेगळा राहतो. धाकटी मुलगी, मोठ्या दवाखान्यात नर्स, माझ्याजवळ राहते. बाकी कोणाचा कशावरही हक्क नाही. नणंद रडत येईल. तिला चहा द्यावा, दुसरं काही देऊ नये.

कलम २. बँकेतली ठेव सगळी थोरल्याला. त्याला खरं तर ही खोली विकून दुकान वाढवायचं आहे. परवा फळं घेऊन आला आणि म्हणाला, "आई, धाकटीचं काय, नर्सना हॉस्टेल मिळतं." मी म्हटलं, "आणि तुझं काय, तुला झोपायला काउंटर आहे ना?" तेव्हापासून गाल फुगवून बसला आहे. ठेव घ्यावी आणि गाल खाली आणावेत.

कलम ३. माझी राहती खोली, आतल्या कपाटासकट, धाकटीला, या अटीवर की तिने कॅज्युअल्टीची, म्हणजे अपघात विभागातली, नेमणूक मुकाट्याने घ्यावी. न घेतल्यास खोली विकावी आणि दोघांनी निम्मं निम्मं घ्यावं.

कलम ४. अट का घातली ते लिहिते, म्हणजे बाई भ्रमिष्ट होती असं मागाहून कोणी म्हणायला नको.

धाकटीच्या दवाखान्यात मेट्रनबाईंनी नवीन खूळ काढलं. नर्सला कायमचा वॉर्ड देण्याआधी तिच्या स्वभावाची परीक्षा. राग लवकर येतो का, गर्दी आवडते का, एकटं बसवतं का, असले प्रश्न. पोरी हुशार. जिला डोळ्यांचा वॉर्ड हवा होता, कारण तिथे रात्रपाळी नाही, तिने लिहिलं मी शांत, मी नीटनेटकी. जिला लहान मुलांचा हवा होता ती कागदावर एकदम मायाळू झाली. एरवी तिला शेजारच्यांचं मांजर सहन होत नाही. आमच्या बाईसाहेबांनी खरं लिहिलं. राग येतो का? हो. कधी? लगेच. मेट्रनबाई म्हणाल्या, ही धावपळीची मुलगी, हिला कॅज्युअल्टी. मलाही तेच वाटलं. पायाला भिंगरी, नाकावर राग, दूध उतू जायच्या आत दोन भांडणं उरकते. तिची जागा तिथेच.

आणि हिला हवा तो वॉर्ड, जिथे बरे न होणारे पेशंट ठेवतात! तिथे एक वाटी पेज भरवायला तास जातो. त्यासाठी वर्षभराचा वेगळा कोर्स करायचा, त्या वर्षात पगार नाही, आणि नोकरी सोडली की हॉस्टेलही नाही. म्हणजे डोक्यावर ही खोली असेल तरच जमणार. मला हे चांगलं ठाऊक होतं, म्हणून तर अट घातली. मी तिला म्हटलं होतं, "अगं, महिन्याभरात किंचाळत बाहेर येशील. आणि खोटं लिहायला काय झालं होतं तुला? सगळ्या जगाने लिहिलं."

"आई, त्यांनी विचारलं, मी सांगितलं."

घ्या. अशा मुलीपुढे कोणी कपाळ किती बडवायचं?

कलम ५. आज दुपारी माझी पिशवी भरताना तिने हे सगळं वाचलं. मला वाटलं आता भांडी उडणार. ती खाली बसली.

"आई, तू शिवणकाम धरलंस ते स्वभाव बघून का गं?"

"मला कोण विचारतंय? सासूबाईंनी मशीन पुढे ढकलली, बस म्हणाल्या. बसले."

"तुला बसची वाट बघवत नाही, चालत सुटतेस. आणि काजं हाताने घालतेस, एकेक. तेव्हा येतो राग?"

मी म्हटलं, "काजांचा कसला राग? राग गिऱ्हाइकांचा येतो."

"मग माझं तेच आहे. मला तुझा राग येतो, दादाचा येतो, रांगेत घुसणाऱ्यांचा येतो. त्या वॉर्डात ट्रेनिंगला होते तेव्हा एकदाही आवाज चढला नाही. घरी येऊन चढला असेल."

"असेल नाही, चढला."

यावर ती हसली. मी हसले नाही.

मी पिशवीत टॉवेल कोंबला. मी वाद सोडला म्हणजे ती बरोबर, असं कोणी समजू नये. ट्रेनिंगपुरतं गोड राहणं वेगळं आणि जन्म काढणं वेगळं. मला अजून काडीचं पटलेलं नाही. पण उद्या टेबलावरून मी उठलेच नाही, तर हिच्याशी भांडायला मी नसेन आणि माझी अट तेवढी असेल. तिने काहीही म्हटलं तरी अट तेच तेच म्हणत राहणार. असं एकतर्फी भांडण मला मान्य नाही. म्हणून कलम ३ मधली अट आणि विक्रीचं वाक्य मी रेघ मारून रद्द केलं आहे, बाजूला सही केली आहे. सगळं परत लिहायला मला वेळ नाही. खोली धाकटीला, बिनअटीची. तिने कोर्स करावा, नाही करावा, थोरल्याने त्यात तोंड घालू नये.

कलम ६. मशीन थोरल्याच्या बायकोला. तिला शिवता येत नाही, येईल. मोठ्या कात्रीने कागद कापू नये. मेट्रनबाईंचा गणवेश अर्धा झाला आहे, तो शेजारच्या शिंप्याकडून पुरा करून द्यावा. कमरेत दोन बोटं जास्त सोडली आहेत, ती आत घेऊ नयेत. माप देताना बाई श्वास रोखून धरतात.

हे लिहीत असताना "आई, आटप, संध्याकाळी दाखल व्हायचंय" असं धाकटी दारातून दोनदा ओरडली. नोंद असावी.

साक्षीदार पहिले : खालचे औषधवाले काका. मी शुद्धीत असल्याचं त्यांनी जरा जास्तच ठामपणे सांगितलं.

साक्षीदार दुसऱ्या : समोरच्या शिकवणीवाल्या बाई. "बरं झालं रेघ मारलीत," म्हणाल्या. मी विचारलं नव्हतं.

सही : केली आहे, माझ्याच हाताने.

तारीख : ऑपरेशनच्या आदल्या दिवसाची.

ठिकाण : माझी राहती खोली. माझ्यामागे धाकटीची.