धाकट्याच्या डावीकडची जागा

३ जून
पुन्हा मासिकाच्या मुखपृष्ठावर आमचा धाकटा! आत चार पानं. 'पूर्वी सुसाट वाजवणारा हा अवलिया आता ठेक्याच्या मागे रेंगाळतो, एकच सूर धरून ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लावतो. नवे गिटारवादक सगळे त्याचंच गिरवतात.' म्हणजे पळाला तरी वाहवा, रखडला तरी वाहवा.
गिटार हातात धरायला त्याला मी शिकवलं. फोटोत माझं कोपर आलंय.
"कोपर छान आलंय," बायको म्हणाली.

९ जून
तालीम. तीन तास मी मुकाट्यानं कॉर्ड धरून बसलो, करामती त्याच्या. उभा कसा राहतो तर लोकांकडे खांदा आणि माझ्याकडे तोंड. डोळे सारखे माझ्या हातावर — चुका काढायला टपलेला! आवाज तर दर आठवड्याला वाढतोय. "जरा कमी कर," असं मागून दोनदा म्हटलं. उत्तर नाही. थोरल्या भावाला उत्तर द्यायला आता वेळ कुठला.

१० जून
पोटात नुसतं जळतंय. अॅसिडिटी नव्हे.

१७ जून
कार्यक्रम संपल्यावर गर्दीतली एक मुलगी मला म्हणाली, "काका, जरा बाजूला होता का? त्यांचा फोटो घ्यायचाय." मी काका! तो माझ्याहून दोनच वर्षांनी लहान.
आत तो पाठमोरा वायर गुंडाळत होता. म्हटलं, "पुढच्या वेळेपासून मी नाही." वळूनसुद्धा बघितलं नाही. शेवटी आमच्या ड्रमवाल्याला सांगितलं, तूच कळव त्याला.

२२ जून
काल माझ्या जागी नवीन माणूस होता. मी तिकीट काढून शेवटच्या रांगेत बसलो. नवा आपला स्टेजभर नाचत होता, आणि धाकटा त्याच्याकडे मान वळवून वळवून बेजार. एकदा आधीच घुसला. एकदा गाणं संपलं तरी हा वाजवतोच आहे. लोक हसले.
मला आनंद झाला. लिहूनच ठेवतो. झाला.

२३ जून
आज स्वतःहून घरी आला. मी चहा टाकता टाकता टोमणे मारत होतो. हा माझ्या पाठीकडे बघत बसलेला. मग म्हणाला, "दादा, माझ्याकडे बघून बोल ना."
उजवा कान गेलाय. तीन वर्षं झाली. डावाही निघालाय.
"मोठा आवाज नुसता जमिनीतून पायाला कळतो. तुझा हात बघतो आणि मग वाजवतो, म्हणून मागे पडतो. लोकांना ती शैली वाटते. मीही वाटू दिली."
"मला का नाही सांगितलंस?"
"तू कायम रागावलेलाच असायचास."
आताही रागावलोच होतो. साखर किती ते विचारलं, पण तोंड त्याच्याकडे करून.

३० जून
मी परत त्याच्या डावीकडे. शेवटच्या कॉर्डवर तारा दाबल्या, तोही थांबला. सगळं सभागृह उठून उभं राहिलं, टाळ्यांनी कान फुटायची वेळ. दिवे त्याच्या डोळ्यांवर, त्यामुळे त्याला पुढचं काही दिसत नव्हतं. त्यानं माझ्याकडे झुकून विचारलं, "आवडलं का रे त्यांना?"
मी मान हलवली. खरं लिहायचं तर, लगेच नाही हलवली.