डावा पाय

रविवार, जानेवारी. किनवट, लॉजवर.

सकाळी उनकेश्वरच्या कुंडात आम्ही दोघं पाय सोडून बसलो. ह्यांच्या डाव्या पावलावरच्या फिक्या चट्ट्यासाठीच तर आलो. तिथल्या गरम पाण्यानं कातडीचं दुखणं जातं म्हणून सासूबाई मागंच लागल्या होत्या. झऱ्याच्या तोंडाशी मला चटका बसला, पाय ओढला. ह्यांनीही उजवा ओढला. डावा तसाच पाण्यात. "कढत कुठं हाय? कोमट तर हाय," म्हणाले.

मी हसले. का हसले मी?

दुपारी सहस्रकुंडचा धबधबा. खडकावर ह्यांच्या मागं रक्ताचे ठिपके. डाव्या पायात काच घुसलेली, आणि हे मजेत फोटो काढून राहिलेले.

मागं कुष्ठरोगाच्या तपासणीला आलेल्या आशाताई दारावर विचारून गेल्या होत्या, "घरात कुणाला बधिर चट्टा हाय का?" ह्यांनी आतूनच 'न्हाई' म्हणून ओरडून सांगितलं होतं. तो शब्द आता डोक्यातून जाईना. बधिर.

पट्टी बांधली. उद्या दवाखान्यात न्यायचंच, पण आज कसं सांगू? बाहेर ह्यांचा सासूबाईंना फोन चाललाय. किती खुश आवाज!

"आई, कुंडाचा गुण आला बघ. आता तिथं काहीच होत न्हाई. काच घुसली तरी कळलं न्हाई."